दगडाबाईनं भरलेली ओटी

नेवाशाच्या अलीकडं, प्रवरेच्या काठी आमच्या माहेरचा मळा. मळ्यातल्या विहिरीपाशी पाण्याच्या देवता, साती आसरा, शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपानं बसल्या आहेत. वडील गेल्यापासून एकोणीस वर्षं माझी आई, दगडाबाई, रोज सकाळी त्यांना न्हाऊ घालायची, दिवा लावायची. पण ओटी भरायची वेळ आली की तिनं दहा पावलं मागं व्हायचं. ओटी सवाशिणीनं भरायची, विधवेनं नाही. हा नियम कुणी काढला देव जाणे. काढणाऱ्यानं एक दिवसही दगड धुतले नसणार.

एकाहत्तर साली, लग्नाला सात वर्षं झाल्यावर, मला मुलगी झाली. आई म्हणाली, "मनकर्णे, हिच्यासाठी आसरांची ओटी माज्या हातनं भरावी वाटती गं." आणि लगेच, "जाऊ दे, येडी हाय मी."

त्याच महिन्यात हेजलबाई आली. विलायतेची. तिची बहीण नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्याकडं राहून ही मोडकंतोडकं मराठी शिकलेली. आईची झाडपाल्याची औषधं बघायला म्हणून आली नि मुक्कामच ठोकला. चंद्र नि देवी पूजणाऱ्या आपल्या पंथाला ती विक्का म्हणायची. पुनवेला चंद्र उगवताना अंगणात मिठाचं रिंगण घालायची, मधे दिवा, पाणी आणि एक सुरी.

"चेटकीण हाय ही," माझी चुलती छबूबाई कुजबुजली.

हेजलबाईनं ते ऐकलं आणि आनंदानं मान डोलावली. "होय, तेच. आमच्या पंथात आम्ही चेटकीणच."

झालं! छबूबाई दोन दिवस आमच्या अंगणात फिरकली नाही. आई मात्र पोट धरून हसली. "मिठानं आपन दिष्ट काढतो. बाळंतिणीच्या उशाखाली इळा ठेवतो. भाऊबीजेला चंद्राला ओवाळतो. हिचं येगळं काय हाय?" मग हेजलबाई सकाळी आसरांपुढं बसू लागली, आणि आई तिच्या रिंगणात हळद-कुंकू टाकू लागली.

सव्वा महिन्यानं विहीर पूजायचा दिवस आला. हेजलबाईच्या कपाळावर रोज लाल चंद्रकोर असायची, बोटात अंगठी. आम्ही धरून चाललो, बाई सवाशीण. पाहुणीचा मान म्हणून ओटी तिच्या हातनं भरली. आई नेहमीसारखी मागं उभी राहिली.

जेवताना छबूबाईनं विचारलं, "तुमचं मालक काय करत्यात?"

"ते गेले," हेजलबाई म्हणाली. "चार वर्षं झाली."

चंद्रकोर तिच्या देवीची खूण होती, कुंकू नव्हतंच ते. छबूबाईचा घास हातातच राहिला. "आता लेकराचं काय खरं न्हाई," ती म्हणाली.  खोटं कशाला बोलू, मी हेजलबाईला मनातल्या मनात चांगल्या शिव्या घातल्या. ती बिचारी रडवेली झाली. म्हणाली, "आमची देवी तीन रूपांची. तरुणी, आई, म्हातारी. म्हातारीला नवरा लागत नाही."

पंधरा दिवस मी लेकीचं अंग चाचपत होते. ना ताप, ना खोकला. पोरीनं असं बाळसं धरलं की छबूबाईच तिची दृष्ट काढायला लागली.

सोळाव्या दिवशी आईनं डोक्यावरून अंघोळ केली, ताटात खण, नारळ, तांदूळ घेतले आणि माझ्या कडेवर पोर दिली. "चल."

छबूबाई आडवी आली. "आक्का, असं कुठं असतं व्हय?"

"त्या परमुलखातल्या रांडाव बाईची ओटी आसरांनी ठेवून घेतली," आई म्हणाली. "मग जिनं एकोनीस वर्सं न्हाऊ घातलं तिची न्हाई घेनार? तूच सांग."

छबूबाई बाजूला झाली, आणि थोड्या वेळानं आमच्या मागनं चालू लागली.

हेजलबाईनं दिवा धरला. आईनं घाईघाईनं ओंजळ भरली, त्यात निम्मे तांदूळ खालीच सांडले. तिनं पोरीचं डोकं सातव्या दगडाला टेकवलं आणि ढसाढसा रडली. मीही रडले. एवढ्या आनंदात मी आईला कधी पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून ती मागं वळली. बरोबर दहा पावलांवर शेजारच्या मळ्यातली केशरबाई उभी होती, चौदाव्या वर्षी विधवा झालेली. पदराखाली नारळ होता. कधीची उभी होती कोण जाणे.

आईनं सांडलेले तांदूळ गोळा करून ताटात घेतले आणि ताट पुढं केलं.

"ये केशरे," ती म्हणाली. "लई तांदूळ उरल्यात."