दगाभाऊंचा शब्दांचा बाजार

दगाभाऊ गेल्याचं कार्ड पारोळ्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांचं दहावंसुद्धा उरकलं होतं. पत्ता जुन्या घराचा, त्यामुळे कार्ड गावभर फिरून आलं. मी ते दोनदा वाचलं आणि चहा घेतला. वाईट वाटलं, पण रडू आलं नाही. या वयात अशा बातम्या येतच असतात. मनात आलं ते एवढंच, की या माणसाशी एक गोष्ट बोलायची होती... ती आता राहिलीच.

साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका शाळेत आम्ही पाचेक वर्षं एकत्र होतो. मी मुख्याध्यापक, ते चौथीचे गुरुजी. शिक्षक चारच, त्यामुळे भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी एकाच माठातलं पाणी प्यायचं. पोरं घरी अहिराणी बोलणारी, आणि विज्ञानाच्या पुस्तकात अंकुरण, द्रावण, बाष्पीभवन. मी व्याख्या घोकून घेणाऱ्यांतला. दगाभाऊंनी मात्र चक्क बाजार मांडला. आठवड्यातून एकदा व्हरांड्यात गोणपाटं पसरायची. त्यांवर मोड आलेली मटकी, मिठाचं पाणी, ओलं फडकं, मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक. विकणारं पोर पुस्तकातला शब्द घेऊन ओरडायचं, 'अंकुरण घ्या, अंकुरण!' गिऱ्हाइकानं त्याचा अर्थ घरच्या बोलीत सांगायचा, तरच माल हातात. समाधान झालं नाही तर घासाघीस, 'इतलामा नही भाऊ, आखो सांग!' म्हणजे आणखी सांग. हजेरीपलीकडे ज्यांच्या तोंडून शब्द निघत नसे, ती पोरं तिथे हमरीतुमरीवर यायची. त्या गोंगाटानं माझं डोकं उठायचं, पण पोरं शिकताहेत हे दिसत होतं.

एका हिवाळ्यात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा नेमका हा बाजार भरलेला. साहेब खानदेशाबाहेरचे. ओल्या फडक्यापाशी बसलेल्या सुमनला त्यांनी विचारलं, 'बाष्पीभवन म्हणजे काय?' ती ताठ उभी राहिली. 'माय वल्लं लुगडं दोरीवर टाकस. त्यानं पानी हवामा निंघी जास, पन दखास नही. ते बाष्पीभवन!' पाणी हवेत निघून जातं, पण दिसत नाही; उत्तर बिनचूक होतं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, 'ही काय विज्ञानाची भाषा?' दगाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी अहिराणीतच वाढलेला. 'साहेब, उत्तर बरोबर आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या बदलीच्या अर्जाला याच साहेबांची शिफारस हवी होती. मी म्हणालो, 'भाषा सुधारून घेतो, साहेब.' साहेब शेरा लिहून गेले आणि शाळा सुटताना मी दगाभाऊंना बाजार बंद करायला सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि गोणपाटं गुंडाळायला लागले.

त्यानंतर चौथीचा वर्ग शांत झाला. सुमनचा हात पुन्हा वर गेलेला मी पाहिला नाही. जूनमध्ये माझी बदली झाली. मी चुकलो होतो हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण ते दगाभाऊंना सांगायला जीभ रेटली नाही. पारोळ्यात मी लोकांना त्यांचा मोठेपणा सांगायचो... एवढं झालं, पण माणूस एका शब्दानं बोलला नाही. असं सांगितलं की मलाच जरा हलकं वाटायचं. धुळ्याच्या स्टँडवर शेवटची भेट झाली तेव्हा विषय काढणारच होतो, तेवढ्यात साक्रीची गाडी लागली आणि ते पिशवी घेऊन चढले. गाडी सुटायला चांगली दहा मिनिटं होती. खिडकीपाशी जाऊन बोलता आलं असतं, मी गेलो नाही.

कार्ड आल्यावर आठवड्याभरानं साक्रीला त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा दिला आणि त्यांची खोली दाखवली. फळीवर टाचणवह्या वर्षावार लावलेल्या. काय शिकवणार ते गुरुजींनी त्यात लिहायचं आणि मुख्याध्यापकानं दर आठवड्याला वाचून सही करायची, असा नियम. मी त्या वर्षीची वही काढली. साहेब येऊन गेले त्या आठवड्याच्या पानावर, विज्ञानाच्या रकान्यात, दगाभाऊंचं गोल अक्षर, 'शब्दांचा बाजार बंद. सुमन विचारते, माझं उत्तर चुकलं का? तिला काय सांगू? मुख्याध्यापकांनी कळवावे.'

त्याखाली लाल शाईत 'पाहिले', आणि माझी सही. सगळ्यांच्याच वह्यांवर मी तशी करायचो, गठ्ठा पुढ्यात ओढून, पान उलटायचं आणि सही ठोकायची.

लाज वाटली. वही मिटली, तरी फळीवर परत ठेववेना. 'अक्का, ही मी नेऊ का?' त्यांनी पदरानं वहीवरची धूळ पुसून दिली. म्हणाल्या, 'लई जा ना भाऊ. त्यामा तुमनीच सही शे.'