बारा खंडीचं पेव

वडिलांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा शालिग्राम म्हणजे किन्हीराजाच्या पंचक्रोशीतलं चालतंबोलतं माप. जमिनीखाली धान्य साठवायचं पेव खणावं तर त्यांनीच. तोंड एवढं अरुंद की सडपातळ माणूस कसाबसा आत जावा, आणि खाली पोट घराएवढं. किती खंड्या ज्वारी मावेल ते मोठेबाबा एकदा डोकावून सांगत आणि भरताना तेवढीच मावे. पुढे लोक त्यांना काहीही विचारू लागले. गाडीत किती कापूस बसेल, मांडवात किती पानांची पंगत बसेल, अमक्याचा जावई घर चालवायच्या कुवतीचा आहे का. मोठेबाबा डोळे बारीक करून सगळ्यांची उत्तरं देत. मला या माणसाचा अजून राग येतो.

सन एकोणीसशे वीस साली पावसाने दगा दिला. भादव्यात गावात दाणा उरला नाही, तेव्हा उकंडराव पाटलांनी आपलं मोठं पेव उघडायला परवानगी दिली आणि ते स्वतः कामासाठी वाशीमला गेले. सकाळपासून लोक टोपल्या घेऊन बसले होते.

बंद पेवात विषारी वाफ धरते. म्हणून तोंड उघडून थांबायचं, मग दोराने पेटता कंदील पार दाण्यापर्यंत सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. उतरायचं काम माझ्या वडिलांचं, नथ्थूचं. ते मोठेबाबांचे धाकटे भाऊ, अंगाने काटकुळे.

दुपारी कंदील चार हात खाली गेला. जळत राहिला. मोठेबाबांनी तिथेच दोर थांबवला. पेव भरलेलं, म्हणजे दाणा तिथेच असणार, असा त्यांचा अंदाज.

गर्दीत उभी माझी आई, रुपाबाई, ते बघून पुढे सरकली. चैत्रात दोघे भाऊ पोहरादेवीच्या जत्रेला गेले असताना पाटलांनी लेकीच्या लग्नासाठी हेच पेव उघडलं होतं. आईने दोन दिवस टोपल्या वाहिल्या होत्या. तेव्हा आत उतरलेला गडी आणि सोबतच्या दोघी बायका आता पोट भरायला परगावी गेले होते. अर्धं पेव रिकामं आहे हे तिथे फक्त तिला ठाऊक होतं.

पण भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, तोंड उघडायचं नाही आणि चारचौघांत नवऱ्याला हाक मारायची नाही, ही आमच्या घरची रीत. पदराआडून ती जावेच्या, तुळसाबाईच्या, कानाशी लागली. "बाई, दाना लय खाली हाय. दोर पुरा सोडा म्हना त्यायले."

तुळसाबाईने सांगितलं. मोठेबाबा सगळ्यांदेखत हसले. "आता बाया मले पेव शिकवून राह्यल्या! माह्या हातचं हाय थे, बारा खंडीचं. उतर रे नथ्थू."

आईने जावेचा हात दाबला. पुन्हा सांगायला तुळसाबाई धजली नाही. वडील दोराला धरून आत गेले. थोड्या वेळाने दोर सैल पडला.

तेव्हा आईच्या डोक्यावरचा पदर पडला. "दोर पुरा सोडा म्हनलं होतं ना!" ती भासऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

वडिलांना दुसऱ्या दिवशी गळ टाकून काढलं. ज्वारी मात्र कुणी सोडली नाही. भुकेपुढे काय करणार? आमच्याही घरी वाटा आला, आईने तो दळला आणि आम्ही खाल्ला.

मोठेबाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले. शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा तुळसाबाई हयात नव्हती. माझी आईच त्यांना भरवायची, उघड्या डोक्याने, समोर बसून. मला ते बघवत नसे. एकदा मी तडकून विचारलं, "याच माणसानं बाबाले मारलं. कायले भरवतं याले?"

आईने पुढचा घास कालवला.

"त्यायचा तं अंदाज चुकला, माय," ती म्हणाली. "मले तं पक्कं मालूम होतं. अन् तुह्या बापाले एक हाक मारन्याची कुवत नोती माह्यात."