गजकाकू आणि घुमणारं दालन

कापड मोजायच्या लोखंडी पट्टीला गज म्हणतात. तो गज सलग एकतीस वर्षं ज्यांच्या हातात होता, त्या गजकाकू. नुसतं नाव ऐकलेला माणूस हत्तीएवढ्या बाईची वाट बघत उभा राहायचा आणि समोर यायची काडीसारखी, चष्मा कपाळावर सरकवलेली काकू. "ऐकायला गज, बघायला काडी," असं त्या स्वतःच सांगून मोकळ्या व्हायच्या.

त्या कामाला होत्या ते कापड दुकान म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची चार मजली दगडी इमारत. तळमजल्यावर खांबांचं लांबलचक दालन, वर नक्षीचं लाकडी छत, आणि भिंती कापडाच्या ताग्यांनी जमिनीपासून छतापर्यंत भरलेल्या. मालक गेले, वारसांचं पटेना, दुकान बंद पडलं. काकू घरी बसल्या. चार वर्षांनी एका सकाळी भाजी घेऊन येताना त्यांना इमारतीवर नवी पाटी दिसली. तिथे चित्रपट संग्रहालय होणार होतं. खाली लिहिलं होतं, साफसफाईसाठी बायका पाहिजेत.

घरी येऊन पिशवी ठेवता ठेवता त्यांनी सुनेला सांगितलं, "मी उद्यापासून कामाला जाते."

सून चमकलीच. "अहो आई, ज्या दुकानात तुम्हाला विचारल्याशिवाय गिऱ्हाईक कापडाला हात लावत नव्हतं, तिथे तुम्ही फरशी पुसणार? लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. फरशी माझ्या ओळखीची आहे."

सून दोन दिवस फुगून होती. काकू मात्र सकाळी आठच्या ठोक्याला हजर. आत सगळी उलथापालथ चाललेली. वरच्या मजल्यांवर जुने कॅमेरे, पोस्टरं आणि पोशाख मांडायचे होते, खालच्या दालनात दीडशे खुर्च्यांचं चित्रपटगृह करायचं होतं. तिसऱ्याच दिवशी एक सुतार जुन्या काउंटरच्या कडेचे पितळी खिळे उपटायला लागला. काकू बादली टाकून धावल्या.

"अरे थांब बाबा! खिळे नाहीत ते, आमचा वार आहे वार!"

गलका ऐकून आर्किटेक्टबाई आल्या. सगळं काम त्यांच्या हाताखाली चालायचं. काकूंनी हवेतलंच कापड एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत धरून दाखवलं. "हा एक वार. गज हाताशी नसला की यावर मोजायचं." आर्किटेक्टबाईंनी तिथल्या तिथे हुकूम दिला, काउंटरला कोणी बोट लावायचं नाही. त्या दिवसापासून काही अडलं की त्या काकूंना हाक मारायच्या.

खुर्च्या बसल्या, पडदा लागला, आणि पहिल्या चाचणीलाच माशी शिंकली. पडद्यावर एक आई मुलाशी हळू आवाजात बोलत होती, पण ऐकू येत होत्या दहा आया एकदम. आवाज वर छताला जायचा, भिंतीवर आपटायचा आणि परत फिरून पुढच्या वाक्यावर कोसळायचा. ध्वनितज्ज्ञ साहेबांनी खिशातून हात काढून एक टाळी वाजवली. टाळी दालनभर फिरून आली.

"भिंतींवर जाड फळ्या ठोकाव्या लागतील," ते म्हणाले.

"एक भोकसुद्धा पाडायचं नाही," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "जुनी इमारत जपायची अट आहे. आणि उद्घाटनाला उरलेत सहा आठवडे."

मागे पोछा पिळत असलेल्या काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या वेळी नव्हतं हो घुमत."

साहेब हसले. "तुमच्या वेळी इथे सिनेमा नव्हता, काकू."

"सिनेमा नव्हता, पण बडबड होती ना! शंभर माणसं एकदम बोलायची, तरी समोरच्याचं नीट कळायचं. फक्त रंग द्यायला दालन रिकामं केलं की घुमायचं. तेव्हा खाली कोणी शिंकलं तरी मालक वरून विचारायचे, कोण हाक मारतंय म्हणून." त्यांनी वर बोट केलं. "भिंतीलगतच्या खांबांमधल्या त्या दांड्या अजून आहेत. आम्ही त्यांवर कापड सोडायचो. भोक कशाला पाडायचं?"

आर्किटेक्टबाईंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी भाड्याने पांढरं कापड आणून दांड्यांवरून सोडलं, खाली ताणून बांधलं. साहेबांनी टाळी वाजवली. फरक शून्य.

"कापडाने आवाज थांबला असता, तर आम्ही इतकी वर्षं शिकलो कशाला?" साहेब म्हणाले. शिडीवरचे कामगार फिदीफिदी हसले. काकू बादली उचलून बाहेर पडल्या.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातली पोळी नुसतीच मोडून ठेवली. सुनेने विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचंय! नसती जीभ चालवली आणि तोंडघशी पडले." काकूंनी सगळी हकीकत सांगितली.

सुनेने वाढायचा डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "कापड कुठलं होतं?"

"साधं मांजरपाट. पातळ."

"आणि दुकानात भिंतीला काय असायचं?"

"मांजरपाट कुठलं! सगळं लोकरी, कोटाचं, कांबळ्याचं जाड..." काकू बोलता बोलता थांबल्या.

"हे त्यांना सांगितलंत?"

"त्यांनी आणलं ते मी बघत बसले."

"गिऱ्हाइकाने चुकीचं कापड उचललं तर तुम्ही बघत बसायचात का, आई?"

दुसऱ्या दिवशी काकू पोछ्याला हात न लावता थेट आर्किटेक्टबाईंकडे गेल्या. "बाई, काल कापडही चुकलं आणि लावायची रीतही चुकली. मी बोलले नाही, ही माझी चूक. एकदा माझ्या पद्धतीने करू द्या."

आर्किटेक्टबाईंनी एका गिरणीच्या गोदामातून लोकरी कापडाचे तागे उसने आणले. काकू शिडीखाली उभ्या राहून सूचना द्यायला लागल्या. "ताणू नका! ताणलं की कापडाची भिंतच होते. जागेच्या दुप्पट कापड घ्या, चुण्या पडू देत. आणि भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा." कालचेच कामगार निमूटपणे चुण्या पाडत होते.

दोन्ही भिंती झाकल्या गेल्या. साहेब मधोमध आले आणि त्यांनी टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली. त्यांनी पुन्हा वाजवली, मग स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. पडद्यावरची आई परत आली आणि मुलाला म्हणाली, "दार लोटून ठेव, मी येतेच." शेवटच्या रांगेत बसलेल्या सुतारालासुद्धा तो शब्द न् शब्द कळला.

साहेब काकूंसमोर येऊन उभे राहिले. "चुकलो, काकू."

"तुम्ही कसले चुकताय! मांजरपाटाला लोकर समजलात, एवढंच. निम्मी गिऱ्हाइकं समजतात."

साहेब मोठ्याने हसले आणि यंत्र लावून मोजमाप घ्यायला लागले. मागच्या कोपऱ्यात अजून थोडं घुमत होतं. तिथे आणखी एक थर लागेल, असं त्यांनी सांगितलं आणि काकूंनी मान्य केलं.

पुढचा महिनाभर भिंतींचे लोकरी पडदे शिवायला वरच्या मजल्यावर चार शिलाई यंत्रं चालली. पाचवं सुनेने घरून आणलं. "लोक नावं ठेवतील हं," काकूंनी चिडवलं. "ठेवायला सवड आहे कोणाला? तो काठ नीट धरा," सून म्हणाली.

उद्घाटन वेळेवर झालं. त्यानंतर काकूंच्या हातात पोछा आला नाही. पोशाखांचं दालन त्यांच्या ताब्यात दिलं गेलं. कपडे हवेशीर ठेवायचे, घड्या बदलायच्या, कापड खाणाऱ्या कसरीवर डोळा ठेवायचा, हे त्यांचं काम. पहिल्याच पेटीत सिनेमातल्या एका राजाचा जरीचा झगा निघाला. काकूंनी सवयीने तो उलटा केला आणि त्यांना हसू आवरेना. आत अस्तर होतं गोणपाटाचं, कुणा शिंप्याने उसवत्या कडांना घाईघाईत मोठाले टाके मारलेले.

"हा झगा उलटाच मांडा, बाई," त्यांनी आर्किटेक्टबाईंना सुचवलं. "वरचं जरीकाम सगळ्यांनी पडद्यावर पाहिलंय."

झगा उलटा मांडला. संग्रहालयात आता सगळ्यात जास्त गर्दी त्या काचेपुढे असते, आणि गजकाकू शेजारी उभ्या राहून टाके मोजून दाखवतात.