मांजरेत हत्ती बुडेल, पैज!

गोदावरीकाठची बायको केली की मांजराकाठच्या माणसाला जन्मभर आपल्या नदीची वकिली करावी लागते. मी ती करतो. फी न घेता!

माझी सासुरवाडी नांदेडची. गेल्या दिवाळीत सासरे आणि मेहुणा विजू आमच्या लातूरकडच्या गावी आले. मोठ्या हौसेनं त्यांना नदीवर नेलं, तर विजू म्हणतो, "दाजी, ही नदी हाय का वढा? आमच्या गोदावरीत वतली तर दिसायची बी न्हाई!"

"शेवटी तिलाच जाऊन मिळते की," सासऱ्यांनी समजूत काढली.

"मिळायला न्हाई मामा, तुमच्या गोदावरीला पाणी पोचवायला जाते!" मी उसळलो. "आन् वढा काय म्हणतो रे? मधल्या डोहात हत्ती बुडंल!" (हत्ती कशाला आणला, देव जाणे. पण एकदा आणलेला हत्ती माघारी नेता येत नाही.)

"मंग जाऊन दाखवा पलीकडं!"

पोहता न येणाऱ्या माणसानं अशा वेळी गप्प बसायचं असतं. मी बसलो, पण काहिलीत! चुलत्यानं गूळ कढवायची ती भलीमोठी कढई घासायला काठावर आणून ठेवली होती. आमचे आजोबा पुरात अशाच काहिलीतून नदी ओलांडायचे. मी ती पाण्यात लोटली, वल्हं म्हणून एक फळी घेतली आणि आत मांडी ठोकली.

"अवो, उतरा! तुम्हाला पोहता येतं का?" माझी बायको सुनंदा किंचाळली.

"काहिलीला येतं!"

थोडं पुढं गेल्यावर काहील गरगर फिरायला लागली. सुनंदा, विजू, बाभळ, सासरे, पुन्हा सुनंदा! कितव्या तरी फेरीत फळी हातातून निसटली आणि एकटीच ऐटीत गोदावरीकडं निघाली.

"मामा, वाचवा! बुडलो!"

सासऱ्यांनी धोतर खोचलं आणि पाण्यात शिरले. चालत. चालत चालत ते ऐन हत्तीच्या डोहात माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं! काठावर विजू हसून हसून आडवा झाला.

"उतरा जावईबापू. चालत जाऊ."

"मी उतरणार न्हाई!"

"अवो, गुडघाभर पाणी हाय!"

"असू द्या! पलीकडं जाणार म्हणजे काहिलीतूनच जाणार!"

"ढकला हो बाबा," सुनंदा काठावरून ओरडली. "ते न्हाई उतरत. लग्न झाल्यापासून बघायले मी!"

मग सासरे मागून आणि विजू पुढून, अशी माझी स्वारी निघाली. पलीकडं धुणं धुणाऱ्या एका मावशीनं हातातलं लुगडं बाजूला ठेवलं आणि मोठ्यानं आरोळी दिली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" विजू गरजला.

मी हललो नाही. उजवा हात वर करून सगळ्यांना आशीर्वाद दिला. तेवढ्यात त्या मेहुण्यानं रीतसर काहील उपडी केली!

नाकातोंडात पाणी गेलं, पण माझं म्हणणं अजून तेच आहे. आमच्या मांजरेला कुणी वढा म्हणू नये. एका अख्ख्या जावयाचं विसर्जन होईल एवढं पाणी तिला आहे!