काळूरामचे लांब टाके

काळूराम ट्रेलर चालवायचा तेव्हा थंडी त्याच्या लेखी काचेवरचं धुकं, एवढीच होती. फडक्याने पुसायची आणि पुढे जायचं. एकतीस वर्षांत ऐन थंडीत तो सलग चार दिवस घरी राहिला तो एकदाच, सुचिताच्या लग्नात. तेही मांडववाल्याच्या मागे धावण्यात गेले. त्यामुळे आपल्या गच्चीवर सकाळी साडेआठला ऊन येतं, साडेअकरापर्यंत टाकीच्या सावलीशी खेळतं आणि मग शेजाऱ्यांच्या भिंतीवर निघून जातं, हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला नव्यानेच कळलं.

गाव उरणजवळचं. पूर्वी घरामागे मिठागरं होती, आता कंटेनरचं यार्ड आहे. गच्चीवरून बंदरातल्या क्रेन दिसतात. मुलगा कुलदीप त्याच यार्डात पाळीने कामाला जातो. मुलगी सुचिता दुसऱ्या बाळंतपणासाठी पनवेलहून माहेरी आलेली, सोबत तिची सहा वर्षांची प्राप्ती. बायको कमळ. असं भरलेलं घर, आणि त्यात काळूराम खुर्चीवर बसून असायचा. कुणी जेव म्हटलं की जेवायचा, आंघोळीला पाणी तापलंय म्हटलं की उठायचा.

ऑगस्टपासून हे असं होतं.

ऑगस्टात अंबाजी गेला. अंबाजी पालीच्या पलीकडचा, सुधागडातला माणूस. भाताची चार खाचरं सांभाळून ड्रायव्हरकी करायचा. बावीस वर्षं दोघं एकाच केबिनमध्ये. एक चालवायचा, दुसरा मागच्या फळीवर झोपायचा. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांना कधी नीट नावाने हाक मारली नाही, ‘ए’ म्हटलं की भागायचं. त्या दिवशी नाशिककडून कांद्याचा कंटेनर घेऊन येत होते. इगतपुरीला दिवस उजाडला. दोघांनी चहा घेतला, अंबाजी म्हणाला, “जरा छातीत भरल्यासारं वाटतंय, गॅस असंल,” आणि मागे जाऊन आडवा झाला. दुपारी बंदराबाहेरच्या रांगेत काळूरामने डबा उघडला आणि त्याला जेवायला उठवायला गेला, तेव्हा तो उठला नाही.

गावाला, पोलिसांना, अंबाजीच्या घरच्यांना काळूरामने एवढंच सांगितलं: रांगेत उभे होतो, तेव्हा कळलं. यात खोटं काही नव्हतं. दवाखान्यातला डॉक्टर मात्र त्याला बाजूला घेऊन म्हणाला होता, “सहा तास तरी झाले असतील.” काळूरामने तिथेच बाकड्यावर बसून मागे मोजलं. सहा तास म्हणजे कसारा घाट उतरताना. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कमळलाही नाही.

अंत्यविधीला तो उभा होता. सगळे रडत होते, त्याला रडू आलं नाही. पुढच्या आठवड्यात चावी हातात घेऊन ट्रेलरपर्यंत गेला, पायरीवर पाय ठेवला आणि तसाच परत आला. भीती वाटली म्हणावं, तर भीतीही वाटली नव्हती. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो, मग गालाला हात लावला तर हाताला गाल कळतो पण गालाला हात कळत नाही, तसं काहीसं. ट्रेलर चुलतभावाने चालवायला नेला. काळूराम गेटपर्यंत जाऊन आरशाचा स्क्रू ढिला आहे एवढं सांगून आला.

कमळ शहाणी बाई. तिने त्याला खोदून विचारलं नाही. देवीला नेते, भगताकडे नेते, असंही काही काढलं नाही. थंडी पडली तशी तिने माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. त्यात तिच्या सासूची दोन सुती लुगडी, तिची स्वतःची विटलेली पातळं, कुलदीपच्या शाळेचे शर्ट. सुचिताच्या बाळासाठी गोधडी शिवायची होती. गच्चीवर चटई टाकून तिने लुगड्याचं अस्तर अंथरलं, त्यावर थर पसरले, चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवल्या.

“अवं, जरा सुई ओवून द्या,” ती म्हणाली. “मना आता भोक दिसत नाय.”

काळूरामने सुई ओवून दिली. थोड्या वेळाने पुन्हा दिली. चौथ्यांदा तो खुर्चीवरून उठून चटईवरच बसला, कारण सारखं वाकून पाठ दुखायला लागली होती. मग कमळ चुलीवरचा भात बघायला खाली गेली आणि बराच वेळ आली नाही. तिने हे मुद्दाम केलं की नाही, ते तिने पुढेही कधी सांगितलं नाही.

तो एकटाच त्या अर्ध्या टाक्यापुढे बसला होता. सुई कापडात खोचलेली, दोरा लोंबत. एकतीस वर्षं त्याने फाटलेल्या ताडपत्र्या दाभणाने आणि सुतळीने शिवल्या होत्या. रस्त्याच्या कडेला, भर पावसातसुद्धा. हाताला काम ठाऊक होतं. त्याने सुई उचलली.

कमळ वर आली तेव्हा दीड हात शिवून झालं होतं.

प्राप्तीने येऊन गुडघे टेकून पाहिलं. “आजोबा, तुमचे टाके केवढे लांब आहेत. आजीचे बघा, तांदळासारखे.”

“ताडपत्रीला असेच घालतात.”

“पण ही ताडपत्री नाहीये.”

“नाय,” काळूराम म्हणाला. त्याने ते उसवले नाहीत. पुढचे थोडे आखूड घातले.

त्या दिवसापासून सकाळचं ऊन गच्चीवर आलं की दोघं समोरासमोर बसायची. गोधडी कडेकडेने शिवत आत यायची असते. ती एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. सुचिता भिंतीला पाठ टेकून वालाच्या शेंगा सोलायची. खालून भाकरीचा वास यायचा. रात्रपाळी करून आलेला कुलदीप उन्हातच तोंडावर रुमाल टाकून झोपायचा. कधी कमळ सुका जवळा कांद्यात परतून गरम भाकरीवर घालून वरच आणायची आणि सगळे एकाच ताटात हात घालायचे. बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय सुखाचं घर आहे. काळूरामलाही तसं दिसत होतं. आपण बरे आहोत, घर उबदार आहे, लेक सुखरूप आहे, हे तो एकेक करून मनात म्हणून बघायचा. सगळं खरं होतं. फक्त ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

पौषाच्या मध्यावर एके दिवशी आवडाबाई आली. अंबाजीची बायको. सुचिता माहेरी आल्याचं तिला फोनवर कळलं होतं. पालीहून एसटीने पेण, पेणहून दुसरी गाडी, अशी सकाळी निघालेली बाई अकराला दारात उभी राहिली. पिशवीत घरचे तांदूळ, कडवे वाल आणि सुचितासाठी नाचणीचे लाडू. कमळने तिला पाणी दिलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून थोडं रडल्या, मग पदराने डोळे पुसून वर गच्चीवर आल्या. काळूराम शिवत होता.

“भावोजी, तुमी?” आवडाबाई म्हणाली.

“बसा वयनी.”

ती बसली. गोधडीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. इकडची तिकडची विचारपूस झाली. पीक कसं, गुरं किती राहिली. मग सुचिता प्राप्तीला घेऊन खाली गेली. कमळही उठायला लागली, तर आवडाबाईने तिचा हात धरून तिला बसवलं.

“भावोजी, एक इचारायचं हाय. तवा मना सुचलं न्हाय. त्ये शेवटचं काय बोलले?”

काळूरामने टाका पुरा केला. दोरा ओढून घेतला.

“छातीत भरल्यासारं वाटतंय, बोलला. गॅस असंल, बोलला.”

“मंग?”

“मंग काय न्हाय.”

“रांगेत उभे व्हते तवर काय बोलले न्हाय?”

यार्डातून कंटेनर खाली ठेवल्याचा दणका ऐकू आला. मग काळूराम बोलायला लागला तो गोधडीकडे बघतच, आवाज न चढवता, एखाद्याला रस्ता सांगावा तसा.

“रांगेत न्हवता तो. घाटातच गेला. डाक्टर बोलला. मना म्हाईत नव्हतं. मी त्याच्याशी बोलत व्हतो, वयनी. घाट उतरल्यापासून उरणपर्यंत. तुमच्या घराच्या पत्र्याचं बोलत व्हतो. पावसाआधी बदल, किती वेला सांगायचं, असं. तो उत्तर देईना म्हनून शिव्या पन घातल्या. शहापूरच्या पुढं टायरची हवा बगायला थांबलो, तवा मागं वाकून बगितलं. पाय उघडे व्हते. हात लावला तर गार. मी गोधडी ओढून पायावर घातली आन् परत येऊन गाडी चालू केली. कलमबोलीपर्यंत गानी लावली व्हती.”

कमळने तोंडावर हात ठेवला. पाच महिने एका छपराखाली राहून तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आवडाबाईचा चेहरा आधी कठीण झाला. “हात लावलात,” ती हळू म्हणाली. “आन् तरी कळलं न्हाय?”

“न्हाय कळलं.”

आवडाबाईने कमळची सुई उचलली, आणि जिथे कमळचा टाका थांबला होता तिथून शिवायला लागली. चांगली वीतभर शिवली. काळूराम तिच्या हाताकडे बघत राहिला. ती ओरडेल, उठून जाईल, त्याला कशाचीच धास्ती नव्हती आणि कशाची आशाही नव्हती.

“त्यांचे पाय गारच असायचे,” आवडाबाई शेवटी म्हणाली. “लगीन झाल्यापासून. उन्हाळ्यातबी. मी किती येळा बोलले, ह्ये काय माणसाचे पाय हायत व्हय. मनापन कळलं नसतं.”

मग तिने विचारलं, “पत्र्याचं काय बोललात?”

“डावीकडचे दोन बदल, बोललो. चुलीवरचे.”

“व्हय. तिथंच गळतं.”

दुपारी ती जेवली. वालाचं बिरडं, भात, तळलेली बोंबलाची कांडी. तीनच्या गाडीला काळूराम तिला सोडायला नाक्यावर गेला. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, “पोर झालं की कळवा.” तो हो म्हणाला. गाडी वळेपर्यंत उभा राहिला.

त्या रात्री कमळला वाटलं, आता हा रडेल. ती जागीच होती. तो रडला नाही. लवकर झोपला आणि सकाळी ऊन गच्चीवर आलं तरी उठला नाही. ऑगस्टपासून तो पहाटे चारला जागा व्हायचा. कमळने कुणाला त्याला उठवू दिलं नाही.

आठवड्याने कुलदीपच्या मित्रांनी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे. मग मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. संध्याकाळी सगळी जाळाभोवती बसली. प्राप्तीने काळूरामच्या मांडीवर बसून शेंगा सोलून खाल्ल्या आणि त्यालाही भरवल्या. “कशी आहे?” तिने विचारलं. “बरी हाय,” तो म्हणाला. खरं तर ओवा कमी पडला होता. हे घरी चालत जाताना त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते कुलदीपला सांगितलं. कुलदीपने बापाकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “पुढच्या वेळी तुमी घाला.”

सुचिताला कळा सुरू झाल्या त्या सकाळी कुलदीप कामावर होता. दारात शेजाऱ्यांची गाडी होती, चावीही होती. कमळने काळूरामकडे पाहिलं.

“मी न्हाय चालवनार,” तो म्हणाला.

कुणी हट्ट केला नाही. शेजारीण कपडे बदलून आली आणि तिने गाडी काढली. काळूराम मागच्या सीटवर सुचिताचं डोकं मांडीवर घेऊन बसला. दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. नर्सने तिला कमळकडे दिलं, कमळने त्याच्याकडे. तो वाट बघत राहिला, की आता आतून काहीतरी उचंबळेल. तसं झालं नाही. मुलीने जांभई दिली. तिचं डोकं त्याच्या कोपराच्या खळग्यात नीट बसलं होतं, आणि हात अवघडला तरी त्याने तिला परत दिलं नाही. संध्याकाळी त्याने स्वतःहून आवडाबाईला फोन लावला.

गोधडी पुरी झाली ती बारशाच्या दोन दिवस आधी. अर्धी तांदळाच्या दाण्यांसारख्या टाक्यांची, अर्धी लांब टाक्यांची, मध्ये वीतभर आवडाबाईच्या हाताची. बारशाला आलेल्या बायका हसल्या, मग उलटून पालटून बघून म्हणाल्या, शिवण घट्ट आहे. त्यातल्या एकीने पुढच्या आठवड्यात आपली दोन जुनी पातळं आणून दिली. मग दुसरीने.

त्यानंतर काळूरामने गाडी चालवली नाही. लोक आधी चिडवायचे, ड्रायव्हरचा शिंपी झाला म्हणून. मग तेही थांबलं. त्याचं दुःख गेलं असं म्हणता येणार नाही, कारण ते नीटसं आलंच नव्हतं. कधी जेवताना, कधी नाक्यावर उभा असताना त्याचा चेहरा क्षणभर हलायचा आणि पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा. कमळ तेवढं मनात टिपून ठेवायची.

फाल्गुन लागला, गच्चीवरचं ऊन बोचायला लागलं. सुचिता मुलींना घेऊन पनवेलला गेली. कमळने चटई गुंडाळायला घेतली.

“राहू दे,” काळूराम म्हणाला. “ती सावलीत ओढ.”

तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं.