केबिनला ठेवलेलं औषध

चाचांना कुणाला घालवायचं असलं की ते आधी त्याची वाट मोकळी करून देत. मांजर असो, पाल असो, नाही तर नको तेव्हा येऊन बसलेला विक्रेता असो. दार सताड उघडायचं आणि आपण बाजूला व्हायचं. "पयलं खुरूज, मग कुलूप," हे त्यांचं पालुपद. खुरूज म्हणजे देश सोडून जायची परवानगी. कुवेतमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या चाचांना ती पाल-मांजरांनाही द्यावीशी वाटे.

अर्दियातल्या आमच्या धान्याच्या गोदामाचे ते राखणदार. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. मी त्याच गोदामाचा सुपरवायझर. पुण्याचा, त्यामुळे सगळं आपल्यालाच कळतं याची खात्री असलेला. वयाने ते माझ्या वडिलांएवढे, तरी मला साहेब म्हणत आणि माझ्या चुका माझ्यादेखत कुणालाही सांगत नसत.

गोदामामागे त्यांची पत्र्याची केबिन होती. दिवसा ते तिथेच बसत आणि दुपारी तिथल्या बाकावर आडवे होत. गेल्या उन्हाळ्यात केबिनखाली चिचुंद्र्यांनी बिऱ्हाड केलं. तो उग्र वास पोत्यांपर्यंत यायला लागला, मी नाकाला रुमाल लावून फिरायला लागलो. चाचांना मात्र त्यांचं कौतुक. "आपल्यासारखीच बोटीतनं आलेली ती," म्हणायचे, "फक्त तेंच्याकडं इकामा नाय." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना.

त्यांना हाकलायची चाचांची रीत ठरलेली होती. एक सोडून सगळी भोकं विटांनी बुजवायची, उरलेल्या भोकापुढे कणीक पसरायची आणि रोज सकाळी उकिडवं बसून पावलं बघायची. पावलं बाहेर गेलेली दिसली आणि परत आलेली दिसली नाहीत, की भोक बंद. पण आत पिल्लं असतील तर थांबायचं. पिल्लं एकमेकांची शेपटी तोंडात धरून आईमागे रांगेने जातात म्हणे. "रांग बाहेर पडू दे साहेब. आठ दिवस द्या," ते म्हणाले.

माझ्याकडे चारच दिवस होते. पालिकेचे तपासनीस यायचे होते आणि मी नुकताच सुट्टीहून परतलो होतो, तुंबलेल्या कामांनी पिसाळलेला. सुट्टीहून येताना चाचांच्या बायकोने पाठवलेलं रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट मी आणलं होतं. इथल्या गोळ्या त्यांना लागू पडत नसत, आणि जवळच्या संपल्या होत्या. पाकीट अबू हलीफा भागातल्या माझ्या फ्लॅटवर बॅगेतच पडून होतं. ते रोज विचारायचे, मी रोज "उद्या नक्की" म्हणायचो.

शुक्रवारी चाचा नमाजाला गेलेले असताना मी कीटकनाशकवाल्याला बोलावलं. त्याने केबिनखाली विषारी धुराच्या गोळ्या सारल्या, दोन दिवस आत जाऊ नका म्हणून बजावलं आणि तो गेला. दाराला कागद लावायला हवा होता. मला जेवायला घरी पोचायचं होतं. गाडीतून चाचांना फोन केला.

"चाचा, केबिनला औषध ठेवलंय हं. लक्षात असू द्या."

"बरा झाला साहेब! मी तेचीच वाट बघत होतो. अल्ला तुमचा भला करो."

तिथेच मला थांबायला हवं होतं. चिचुंद्रीच्या पिल्लांसाठी आठ दिवस मागणारा माणूस विषाचं नाव ऐकून दुवा कशी देईल? पण मला वाटलं, म्हातारा अखेर वळणावर आला. आपलं खरं झालं म्हणून मी खूश होतो. जेवलो आणि झोपलो. उठलो तेव्हा फोनवर चाचांचे दोन मिस्ड कॉल होते. मी उलट फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. तसाच गाडी काढून गोदामावर गेलो.

केबिनचे सगळे खण उघडे होते. फळीवरचे डबे खाली काढून ठेवलेले, गादी उलटी केलेली. शोधून शोधून दमल्यावर ते बाकावर आडवे झाले असणार. दार-खिडकी उघडली, त्यांना बाहेर ओढलं, हाका मारल्या. ते केव्हाच गेले होते.

नंतर केबिन उचलली, तेव्हा खाली कागदाच्या चिंध्यांत एक चिचुंद्री आणि तिची चार पिल्लं मरून पडली होती.

पोलिसांपुढे मी फोनवर काय बोललो ते सांगितलं. दुभाष्याने अरबीत लिहिलं, "दवा ठेवल्याची कल्पना दिली होती." अरबीतही रोग्याच्या गोळीला आणि विषाला एकच शब्द. अधिकाऱ्याने मान हलवली, सही घेतली आणि मला जाऊ दिलं. मला कुणी दोष दिला नाही. कुणी तरी द्यायला हवा होता.

चाचांच्या बायकोला फोन मीच केला. त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "एक सांगा भाऊ, औषध पोचला ना तेंच्या हाती? की औषधावाचून गेले?"

पाकीट माझ्यासमोर टेबलावर होतं, त्यावर त्यांनीच गुंडाळलेल्या दोऱ्याची गाठही सुटलेली नव्हती.

"पोचलं," मी म्हणालो.