विळी हातात देत नाहीत

कुरुंद्यात कुणाकडे लग्न निघालं की भांडी घ्यायला मंजुळाबाईंना बरोबर नेत. बाईंना भांड्यांची फार हौस होती असं नव्हे. बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, हे खरं कारण. वसमतच्या बाजारात त्या दुकानापुढे फतकल मारून बसत, बिडाचा तवा कडेला धरून लोंबता ठेवत, त्यावर किल्ली वाजवत आणि कान देऊन ऐकत. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे. दुकानदार आईच्या गळ्याची शपथ घेई. शपथ घेणाऱ्याचा माल दोनदा तपासावा, असं बाईंचं म्हणणं. कल्हईवाला गल्लीत आला की त्याच्या भात्यापुढे बाईंनी ठाण मांडलंच म्हणून समजा. मेला कथील चोरतो, मग पितळेत ठेवलेलं ताक कळकतं, आणि नाव मात्र घरच्या बाईचं खराब होतं. अर्धं गाव बाईंना हसत असे, आणि तेच अर्धं गाव आपली पातेली त्यांच्याकडून तपासून घेत असे.

बाईंचा जीव मात्र अडकला होता विळीत. त्यांच्या वडिलांनी बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव घिसाड्याकडून ठोकून घेऊन तिचं पातं करवलं होतं. पाट बाभळीचा. लग्नात ती विळी आली, त्याला तीस वर्षं झाली होती. तिचे नेम कडक होते. काम झालं की धुवायची आणि लागलीच पुसायची. पावसाळ्यात पात्यावरून करडईच्या तेलाचं बोट फिरवायचं. मिटून, तोंड भिंतीकडे करून ठेवायची. आणि विळी कधी कुणाच्या हातात द्यायची नाही. हातात दिली की दोघींत भांडण लागतं. आपण ती खाली ठेवायची, दुसरीनं उचलायची. हा शेवटचा नेम बाईंना पाळावाच लागला नव्हता, कारण त्या विळी कुणाला देतच नव्हत्या. सून शालूबाई डोंगरकडा या माहेरगावाहून आली त्याला तीन वर्षं झाली, पण तिला अजून चुलीपुढचं एक उलथनं काय ते मिळालं होतं.

लढाईचं साल होतं. चांगलं लोखंड सोन्यासारखं दुर्मिळ झालेलं. अशात बाईंच्या विळीची धार जाऊ लागली. पोळ्याला घिसाड्याकडून धार लावून आणली, तर आठ दिवसांत वांग्याच्या सालीवरून पातं घसरायला लागलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. पहिला संशय अर्थात घिसाड्यावर. धावेचं पातं काढून घेतलं असेल आणि भंगार बसवलं असेल. बाईंनी विळी उन्हात नेऊन बुडाशी असलेली जुनी खाच निरखून पाहिली. खाच जागच्या जागी होती. घिसाडी सुटला.

मग घरात उरलं कोण? मुलगा रामकिशन दिवसभर शेतात. तो भाकरीसुद्धा न बघता खाणारा माणूस. राहिली शालूबाई. बाईंना आता एकेक गोष्ट आठवू लागली. मागं हिनं अंबाडीची चिरलेली भाजी परातीसकट अंगणात सांडली होती. हात घसरला म्हणाली. बाईंनी तिला तेव्हा चांगलं फैलावर घेतलं होतं, तरी पोरीनं तोंडातून शब्द काढला नव्हता. न बोलणाऱ्या माणसाचं बाईंना फार भय वाटे. सांडणारी ही, गप्प बसणारी ही, आणि धार जाते ती बाई घरात नसताना.

त्यांनी मिटलेल्या विळीवर सुताचा एक धागा टाकून दोन्ही टोकं कणकेनं चिकटवली. दुसऱ्या दिवशी धागा तुटलेला होता. तिसऱ्या दिवशी शेतात जाते म्हणून निघाल्या आणि मागच्या दारानं येऊन कणगीआड उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं शालूबाईनं विळी उघडली, पाट्याच्या दगडाशी नेली आणि पात्याची धार त्या दगडावर घासू लागली. धार लावायला नव्हे, मोडायला.

"धार मोडून राहिली व्हय?" बाई कणगीआडून म्हणाल्या. "काहून?"

शालूबाई खाली बघत राहिली. तिनं काहीच सांगितलं नाही, आणि तेच बाईंना सगळ्यात झोंबलं. हिला माझी विळी मोडीत काढायची आहे, म्हणजे चूल आपोआप हिच्या ताब्यात, असा हिशेब त्यांनी तिथंच करून टाकला. रामकिशनला सांगितलं की परवा गाडी जुंप आणि हिला डोंगरकड्याला पोचव. पुन्हा आणायचं की नाही ते मी ठरवीन. रामकिशननं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला. मधल्या दिवशी बाईंनी विळीला अशी धार लावून घेतली की केसही तुटावा.

जायच्या दिवशी सकाळी बाई मुळा चिरायला बसल्या. कितीही राग असला तरी माणूस उपाशी धाडायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. डोळे चुलीच्या धुरानं अधू झालेले, तरी ताटातल्या पांढऱ्या फोडी तांबड्या दिसतात हे त्यांच्या ध्यानात आलं. माळणीनं फसवलं, मुळा आतून लाल निघाला, असं त्या पुटपुटल्या.

दाराशी गाठोडं घेऊन उभी असलेली शालूबाई धावत आली. तिनं बाईंचा अंगठा घट्ट दाबून धरला आणि त्यावर हळद भरली.

"आत्याबाई, मुळा न्हाई. अंगठा कापलाय."

बाईंना काही दुखलंच नव्हतं. वर्षानुवर्षं उकळत्या काहिलीतून हळद उपसून आणि तापल्या तव्यावर हातानं भाकरी उलटून बोटांना असे घट्टे पडले होते की त्यांना आता काही कळत नव्हतं. शालूबाईनं अंगठा उजेडात धरला. त्यावर जुन्या, भरून आलेल्या तीन चिरा होत्या. बाईंना त्यातली एकही ठाऊक नव्हती.

"ह्या कवाच्या?"

"पोळ्यापासूनच्या. अंबाडीचे देठ लाल, त्यात रगत तुमाला दिसलं न्हाई. म्हणून म्या भाजी सांडली, अन् म्हणूनच धार मोडली."

"अन् सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी मानलं असतं?"

बाईंनी अंगठ्यावरच्या चिरांकडे पाहिलं. मानलं नसतं. विळी हिसकायला पोरगी नवी युक्ती करून राहिली, असंच म्हणाल्या असत्या. त्यांना लाज वाटली, आणि तिच्याहून जास्त भीती वाटली. जगातली सगळी भांडी ज्या हातांनी तपासली, ते हातच खोटे निघाले होते.

बाहेर रामकिशन गाडी जुंपून उभा होता. निघायचं का, असं त्यानं विचारलं. बैल सोड, असं बाईंनी आतूनच सांगितलं.

मग त्यांनी विळी धुतली, पदरानं पुसली आणि मिटली. भिंतीकडे ठेवायला वळल्या आणि थांबल्या. शालूबाईला वाटलं, आपल्यालाच देताहेत, म्हणून तिनं हात पुढे केला. बाईंनी विळी झटकन मागं घेतली. पोरीचा चेहरा उतरला.

"हातात न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांनी विळी तिच्यापुढे जमिनीवर ठेवली आणि आपला हात काढून घेतला. "आता उचल. आपल्याला भांडायचं न्हाई."